तुमच्या यादीत माझे नाव

रामकुंडावर सकाळी सहा-सातच्या सुमारास उभे राहा, एक प्रश्न सारखा कानावर येतो. ‘कोण गाव?’ एस.टी.तून नुकतेच उतरलेले एखादे कुटुंब, हातात पिशव्या, डोळ्यांत रात्रीची झोप, घाटाच्या पायऱ्या उतरत असते. कुणीतरी त्यांना अडवून विचारते, ‘कोण गाव? आडनाव काय?’ ते परभणीकडच्या एखाद्या खेड्याचे नाव सांगतात. विचारणारा क्षणभर थांबतो. त्या गावाची वही त्याच्याकडे नसते. पण ती कुणाकडे असेल याचा अंदाज त्याला असतो. ‘पलीकडे जा, त्या छत्रीखालच्या गुरुजींना विचारा.’ छत्रीखालचे गुरुजी आणखी एक घर पुढे पाठवतात. दोन-तीन ठिकाणी असे फिरल्यावर एका ओसरीवर कापडात बांधलेली वही उघडते आणि त्या कुटुंबाला आपल्या पणजोबांचे नाव दिसते.

या वह्यांना नामावळी म्हणतात. यात्रेला आलेला माणूस तीत आपली हकिगत लिहितो. मी अमका, वडील अमके, आजोबा अमके, भाऊ किती, मुले किती, कशासाठी आलो, आणि खाली सही. जुनी पाने मोडीत, नंतरची बाळबोधीत. मला लहानपणापासून कुतूहल होते ते मात्र वहीपेक्षा त्या वहीपर्यंत पोचण्याच्या रस्त्याचे. कारण अख्ख्या महाराष्ट्राची गावे पाठ असलेला माणूस रामकुंडावर एकही नाही. प्रत्येकाला फक्त एवढेच ठाऊक असते, की पुढे कुणाला विचारायचे. तरीही माणूस बरोबर ठिकाणी पोचतो.

अब्बांचे कल्हईचे दुकान पंचवटीत होते आणि घर नदीपलीकडे जुन्या नाशकात. शाळा सुटली की मी दुकानात येऊन भाता मारायचो. नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा आणि समोरून यात्रेकरू जायचे. त्यामुळे ‘कोण गाव?’ हा प्रश्न माझ्या कानांत भात्याच्या आवाजाबरोबरच बसलेला आहे.

त्याची आठवण होण्याचे कारण माझा भाचा. तो पुण्यात एका कंपनीत संगणकांच्या जाळ्याची देखभाल करतो. ईदला घरी आला तेव्हा मी त्याला विचारले, ‘तू नक्की करतोस तरी काय रे?’ तो म्हणाला, ‘मामू, राउटर सांभाळतो. राउटर एकमेकांना ओळखतात की नाही ते बघतो.’ मी हसलो. यंत्रांनी एकमेकांना ओळखायचे म्हणजे काय? मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. आकड्यांशी माझा संबंध मात्रा मोजण्यापुरता. पण त्याने मला दुपारभर जे सांगितले, आणि नंतर मी स्वतः जे वाचले, ते रामकुंडाच्या इतके जवळचे निघाले, की आज ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

आधी राउटर म्हणजे काय ते पाहू. तुम्ही संगणकावरून किंवा मोबाइलवरून काहीही पाठवा, पत्र, फोटो, गाणे, त्याचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पोचायचा पत्ता असतो. वाटेत जागोजागी यंत्रे बसलेली असतात. ती पत्ता वाचतात आणि तुकडा पुढच्या यंत्राकडे ढकलतात. ही यंत्रे म्हणजे राउटर. आपल्याकडे टपालाचे सॉर्टिंग होते तसेच हे. पंचवटीचा पिनकोड ४२२००३. पहिला ४ म्हणजे आपला पश्चिमेकडचा विभाग, ४२२ म्हणजे नाशिकचा सॉर्टिंग जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे पंचवटीच्या टपाल कचेरीचे. कोलकात्यात पत्र टाकले, तर तिथल्या माणसाला पंचवटी कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. पहिला आकडा पाहून त्याने थैली पश्चिमेकडे रवाना केली की त्याचे काम झाले. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतचे कवी होते. एका कवीने देशाचे पत्ते लावून दिले, ही गोष्ट सांगताना मला नेहमी बरे वाटते.

टपालाचे रस्ते मात्र ठरलेले असतात. राउटरचे रस्ते क्षणाक्षणाला बदलू शकतात. नाशिककरांना हे समजायला वेळ लागू नये. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी बातमी गावभर फिरते. खालचे पूल पाण्याखाली जातात. मग जुन्या नाशकातून पंचवटीत यायचे तर वरच्या अहिल्याबाई होळकर पुलावरून, ज्याला म्हातारी माणसे अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. हे कुणी सरकारी हुकूम काढून सांगत नाही. पानवाला रिक्षावाल्याला सांगतो, रिक्षावाला दुधवाल्याला सांगतो. तासाभरात सगळ्या गावाला नवा रस्ता ठाऊक होतो. राउटर हेच करतात. कुठला पूल गेला, कुठला उघडला, हे ते एकमेकांना सांगतात आणि आपापले रस्ते बदलतात. या सांगण्या-ऐकण्याचे जे नियम आहेत, त्यांना गतिमान मार्गनिवडीचे नियम म्हणू.

पण इथेच खरा प्रश्न सुरू होतो. ज्याने सांगितले, तो कोण? त्याचे ऐकायचे का? माणसांच्या गावात आपण चेहरा बघतो, आवाज ओळखतो. यंत्राला चेहरा नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे त्याला कसे कळणार? ही ओळख पटवण्याची रीत माणसांनी गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत हळूहळू, चुका करत करत बसवली आहे. तिचा इतिहास मोठा बोलका आहे.

सुरुवात १९६९ ची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट नावाचे जाळे उभे राहत होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ असे लिहायचे होते. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. या दोन ठिकाणांमध्ये जी यंत्रे होती, ती आजच्या राउटरची आजोबा. फ्रिजएवढे एकेक धूड. त्यांना ‘इम्प’ म्हणत. प्रत्येक इम्पला क्रमांक होता. आणि या इम्पमध्ये पहिल्यापासून एक सोय होती, जी वाचून मी थबकलो. तारेच्या एका टोकाचे इम्प थोड्या थोड्या वेळाने पलीकडे एक छोटा संदेश पाठवी. त्याचे नाव ‘हॅलो’. पलीकडच्याने उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तराचे नाव होते ‘मी ऐकले’. काही वेळ ‘मी ऐकले’ आले नाही, की ही तार मेली असे समजून इम्प दुसरा रस्ता धरी.

म्हणजे पाहा, अगदी पहिल्या दिवसापासून त्या लोकांना कळले होते की नुसती हाक मारून भागत नाही. हाकेला ओ आली पाहिजे.

तार जिवंत आहे एवढे यातून कळे. रस्त्यांची माहिती मात्र जुन्या अर्पानेटमध्ये ऐकीव असे. प्रत्येक इम्प आपल्या शेजाऱ्याला सांगे, ‘अमक्या ठिकाणी पोचायला माझ्याकडून इतका वेळ लागतो.’ शेजारी त्यात आपला वेळ मिळवून तेच पुढे सांगे. यात घोटाळा कसा होतो ते पंचवटीच्या भाषेत सांगतो. रामकुंडावरचा माणूस म्हणतो, ‘सीता गुंफेपाशी विचारा, त्यांना माहीत आहे.’ सीता गुंफेपाशी विचारले तर तो म्हणतो, ‘रामकुंडावर विचारा, मी त्यांच्याकडूनच ऐकले.’ मूळ माहिती असलेला माणूस केव्हाच गावाला गेलेला आहे, आणि बिचारा यात्रेकरू दोघांच्या मध्ये फेऱ्या मारतो आहे. राउटरांचेही असेच होई. पुढे याच जातीची ‘रिप’ नावाची एक पद्धत खूप वापरात आली. तिचे नियम १९८८ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. तिने या फेऱ्यांवर एक साधा उपाय केला होता. मोजायचे फक्त १५ टप्प्यांपर्यंत. १६ आला की समजायचे, रस्ता नाही. या रिपमध्ये ओळखीचा सोपस्कार मुळी नव्हताच. दर तीस सेकंदांनी प्रत्येक राउटर आपली सगळी यादी मोठ्याने वाचून दाखवी. तारेवर जो बोलेल तो आपलाच, असा भोळा कारभार.

अर्पानेटने १९७९ मध्ये ऐकीव माहितीची पद्धत बदलली. नवा नियम असा की दूरच्या गावाबद्दल कुणी काही बोलायचे नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल सांगायचे. ‘मी अमका, माझे शेजारी हे, त्यांच्यापर्यंत जायला इतका वेळ लागतो.’ ही चिठ्ठी जशीच्या तशी सगळ्यांपर्यंत पोचवायची. अशा सगळ्यांच्या चिठ्ठ्या जोडल्या की प्रत्येकाकडे अख्ख्या जाळ्याचा नकाशा तयार होतो, आणि जवळचा रस्ता ज्याचा त्याने काढायचा. जवळचा रस्ता काढण्याचे गणित डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी आधीच सोडवून ठेवले होते. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून वीस मिनिटांत ते सुचले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

मला ही नवी रीत नामावळीसारखी वाटते. नामावळीत दुसऱ्याच्या कुळाबद्दल लिहायचे नसते. आलेला माणूस स्वतःचे आणि स्वतःच्या घरच्यांचे लिहितो. अशा हजारो नोंदी शेजारी शेजारी आल्या की कुळांचा नकाशा आपोआप तयार होतो.

पण आता चिठ्ठीवरच्या नावाला सगळे महत्त्व आले. आणि २७ ऑक्टोबर १९८० रोजी त्याची किंमत मोजावी लागली. त्या दिवशी अख्खे अर्पानेट काही तास निकामी झाले. कारण शोधल्यावर जे निघाले ते एखाद्या लोककथेत शोभावे. प्रत्येक चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचे नाव असे आणि एक अनुक्रमांक असे, म्हणजे नवी कोणती, जुनी कोणती हे कळावे. हे क्रमांक ० ते ६३ एवढेच होते. ६३ नंतर घड्याळासारखे पुन्हा शून्यापासून. ५० क्रमांकाच्या इम्पच्या नावाची एक चिठ्ठी वाटेतल्या २९ क्रमांकाच्या इम्पमधून जाताना तिथल्या बिघाडाने तिच्यावरचा आकडा विस्कटला. झाले काय, की ५० च्या नावाने तीन चिठ्ठ्या फिरू लागल्या. एकीवर ४४, दुसरीवर ४०, तिसरीवर ८. घड्याळाच्या हिशोबाने ४४ ही ४० पेक्षा नवी, ४० ही ८ पेक्षा नवी, आणि फेरी पूर्ण होऊन ८ ही ४४ पेक्षा नवी! प्रत्येक इम्पला येणारी प्रत्येक चिठ्ठी आधीच्यापेक्षा नवीच वाटे. ती पाटी पुसून नवी लिहून घेई आणि शेजाऱ्याला पाठवी. सगळे जाळे त्या तीन चिठ्ठ्या फिरवण्यात इतके गुंतले, की दुसऱ्या कामाला सवडच उरली नाही. शेवटी माणसांनी सगळ्या इम्पना सांगितले, ‘५० च्या नावाने काहीही आले तरी ऐकू नका.’ तेव्हा कुठे गोंगाट थांबला.

बिचाऱ्या ५० चा दोष काहीच नव्हता. त्याच्या नावाने दुसऱ्याच कुणाकडून विस्कटलेले बोल फिरले, आणि शिक्षा मात्र त्याच्या नावाला झाली. माणसांच्या जगात असे होताना आपण पाहिलेले नाही काय?

या अपघातातून पुढच्या लोकांनी धडा घेतला. रॅडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की चिठ्ठीला वय असले पाहिजे, म्हणजे जुनी चिठ्ठी आपोआप बाद होईल, आणि क्रमांक गोल फिरणारे नकोत, सरळ वाढत जाणारे हवेत. या सगळ्या शहाणपणावर उभी असलेली एक पद्धत १९८९ मध्ये आली. तिचे आखूड नाव ओएसपीएफ. जॉन मॉय यांनी तिचे नियम लिहिले. आज मोठ्या कचेऱ्यांच्या, बँकांच्या, विद्यापीठांच्या आतल्या जाळ्यांत ती सर्रास चालते. माझा भाचा ज्याबद्दल सांगत होता ती हीच.

यात प्रत्येक राउटरला एक ओळखक्रमांक असतो. चार आकड्यांचा, मध्ये टिंबे असलेला. तो पत्त्यासारखा दिसतो, पण कामाला येतो तो नाव म्हणून. पत्ता बदलू शकतो, एका राउटरला अनेक दारे असतात आणि प्रत्येक दाराचा पत्ता वेगळा. नाव एकच हवे. म्हणून शहाणे लोक ते स्वतः ठरवून देतात. नाही दिले, तर बऱ्याच बनावटींचे राउटर आपल्या पत्त्यांतला सगळ्यांत मोठा आकडा नाव म्हणून घेतात. त्यातही जो पत्ता कुठल्याच तारेला बांधलेला नाही, नुसता राउटरच्या पोटात आहे, तो असेल तर आधी तो. कारण तार तुटली तरी पोटातला पत्ता जात नाही. आणि एका जाळ्यात दोघांचे नाव एकच निघाले तर? शेजारी शेजारी असतील तर ते एकमेकांशी नाते जोडायलाच नकार देतात. लांब लांब असतील तर आणखी वाईट. एकाच नावाने दोन वेगळ्या हकिगती फिरतात, एक दुसरीला खोडत राहते, आणि नकाशा कधी स्थिर होत नाही.

आता ओळख कशी होते ते पाहा. राउटर चालू झाला की दर दहा सेकंदांनी सगळ्या दारांतून हाक मारतो. तिला अजूनही हॅलो म्हणतात. ‘मी अमका.’ पलीकडच्याने ते ऐकले, की तो हे नाव आपल्या यादीत टिपून घेतो. पण अजून ओळख झालेली नाही. नुसते ऐकले आहे एवढेच. आता पलीकडचा आपली हाक मारतो, आणि त्या हाकेत तो आजवर ज्यांना ऐकले त्यांची यादी जोडतो. ‘मी तमका, आणि मी ज्यांना ऐकले ते हे.’ पहिला ती यादी वाचतो. तीत स्वतःचे नाव शोधतो. ज्या क्षणी शेजाऱ्याच्या यादीत त्याला स्वतःचे नाव दिसते, त्या क्षणी नाते दुतर्फा झाले असे तो मानतो. त्याआधी नाही.

भाच्याने हे सांगितले तेव्हा मी त्याला दोनदा विचारले, ‘म्हणजे मी तुला ओळखतो, हे पुरेसे नाही?’ तो म्हणाला, ‘नाही मामू. तू मला ओळखतोस हे मला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे.’

पुढचे सगळे यानंतर. एकाच तारेवर पुष्कळ जण असतील तर त्यांच्यातला एक मुख्य निवडतात, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी तेच ते बोलायला नको. मग नकाशाची देवाणघेवाण होते. आणि हॅलो मात्र थांबत नाही. दर दहा सेकंदांनी चालूच. चाळीस सेकंद, म्हणजे चार हाकांचा वेळ, काहीच ऐकू आले नाही, तर शेजारी गेला असे धरून सगळ्यांना कळवले जाते आणि रस्ते बदलतात.

आणखी एक गोष्ट. हॅलोबरोबर दोघांच्या काही रीतीही जुळाव्या लागतात. एक जण दर दहा सेकंदांनी हाक मारतो आणि दुसरा तीस सेकंदांनी मारत असेल, तर ते एकमेकांचे आवाज नीट ऐकतात, दोघेही बोलत राहतात, आणि तरीही शेजारी होत नाहीत. मला काही कविसंमेलने आठवली. माझी कविता संपल्यावर कुणीतरी प्रेमाने जवळ येते आणि म्हणते, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ मी जन्मापासून तेच बोलतो आहे. समोरच्याने मला ऐकलेले असते, त्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्याच्या यादीत मी पाहुणा म्हणून असतो.

आतापर्यंत सांगितले ते एका घरातले. एकाच संस्थेतले राउटर एकमेकांना हाका मारून शोधतात, कारण घर आपले आहे. पण जगाचे जाळे हजारो संस्थांचे मिळून आहे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आपणही त्या मोठ्या जाळ्यात सामील झालो. परक्या घराशी व्यवहार करताना अशी उघड्यावर हाक मारून कसे चालेल? त्यासाठी वेगळी पद्धत आहे. तिचे नाव बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी एका परिषदेच्या वेळी कर्क लॉघीड आणि याकोव रेख्टर या दोघांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा काढला. जगाचे इंटरनेट आजही त्याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपावर चालते.

इथे शेजारी शोधायचा नसतो, तो ठरवायचा असतो. दोन्हीकडची माणसे आधी आपसांत बोलतात, आणि मग आपापल्या राउटरमध्ये हाताने लिहितात, ‘शेजाऱ्याचा पत्ता हा, त्याच्या संस्थेचा क्रमांक हा.’ अशा प्रत्येक संस्थेला जगात एकमेव असा क्रमांक दिलेला असतो. पहिले संभाषण सुरू होते तेव्हा प्रत्येक राउटर आपला संस्थाक्रमांक, स्वतःचे नाव आणि किती वेळ गप्प राहिलो तर मेलो समजायचे ते सांगतो. सांगितलेला क्रमांक आणि लिहून ठेवलेला क्रमांक जुळला नाही, तर संभाषण तिथेच संपते. लग्नाच्या बैठकीला आधी मध्यस्थ लागतो, तसे हे. आपल्या देशातल्या कंपन्यांनी आपसांत असे शेजार जोडावेत, देशातल्या देशातले तुकडे परदेशी जाऊन परत येऊ नयेत, म्हणून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली.

एवढी काळजी घेतली, तरी एक भोक राहिलेच. शेजारी कोण हे पक्के कळले. तो जे सांगतो ते खरे आहे, हे कसे कळणार? २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने सरकारच्या आदेशावरून आपल्या देशात यूट्यूब बंद करायला घेतले. त्यासाठी त्यांनी आपल्या आतल्या राउटरांना सांगितले, ‘यूट्यूबच्या अमक्या पत्त्यांचा रस्ता माझ्याकडे आहे.’ हेतू एवढाच, की ते तुकडे आपल्याकडे यावेत आणि फेकून द्यावेत. पण ही घोषणा बाहेर निसटली. त्यांच्या हाँगकाँगच्या मोठ्या शेजाऱ्याने ती खरी मानून जगाला सांगितली. राउटरांचा नियम असा, की जास्त नेमका पत्ता जो सांगेल त्याचे ऐकायचे. एकाने ‘पंचवटीत या’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘पंचवटीतल्या अमक्या गल्लीत या’ म्हटले, तर माणूस गल्लीकडे जाणार. यूट्यूबची घोषणा पंचवटीची होती, ही गल्लीची. जगभरातली यूट्यूबची वाहतूक तिकडे वळली आणि सुमारे दोन तास यूट्यूब जगातल्या पुष्कळ लोकांना दिसेनासे झाले. कुणी खोटी ओळख दिली नव्हती. प्रत्येक शेजारी आपल्या शेजाऱ्याला नीट ओळखत होता. तरीही चुकीची गोष्ट शेजारधर्माने जगभर गेली.

त्यावर जो उपाय गेल्या काही वर्षांत रुजतो आहे, तो ऐकून मी पुन्हा रामकुंडावर पोचलो. ज्याचे पत्ते त्यानेच एका नोंदवहीत, कुणाला गिरवता येणार नाही अशा संगणकी सहीने लिहून ठेवायचे, की ‘माझ्या या पत्त्यांची घोषणा फक्त अमक्या क्रमांकाची संस्था करील.’ शेजाऱ्याने काहीही सांगितले, तरी आधी वही उघडून बघायचे. रस्त्यातला प्रत्येक टप्पा अजून यातून तपासला जात नाही, पण मूळ मालक कोण एवढे तरी कळते. नामावळीत दुसरे काय असते? गुरुजी कितीही जाणते असोत, ते आपल्या आठवणीवर कूळ सांगत नाहीत. ते वही उघडतात आणि आजोबांच्या सहीवर बोट ठेवतात.

आता थोडे घरचे सांगतो आणि थांबतो.

अब्बांच्या दुकानासमोरच्या वाड्यात एक गुरुजी राहायचे. त्यांच्याकडे यात्रेकरू उतरायचे, जेवायचे, म्हणून मोठमोठी पितळी पातेली होती. वर्षातून चार-सहा वेळा ती कल्हईला यायची. रोज सकाळी दुकान उघडले की अब्बा ओसरीकडे बघून म्हणायचे, ‘गुरुजी, भाता पेटवतो.’ वहीतून मान वर न करता गुरुजी म्हणायचे, ‘पेटवा.’ एवढेच. याला कुणी मैत्री म्हटले नसते. ते एकमेकांच्या घरी सणावारी जात नव्हते.

१९९२ च्या डिसेंबरात देशात जे झाले, त्यानंतर अब्बांनी दुकान उघडले नाही. आम्ही घरात बसून होतो. चौथ्या दिवशी दारावर थाप पडली. अम्मी घाबरली. दारात गुरुजींचा मुलगा सायकल धरून उभा होता. तो म्हणाला, ‘चाचा, बाबांनी पाठवलंय. म्हणाले, चार दिवस भात्याचा आवाज नाही, बघून ये.’ त्याने पाणी घेतले आणि तो गेला. पाचव्या दिवशी अब्बांनी दुकान उघडले.

आता दोघेही नाहीत. मी पंचवटीतच राहतो. काही वर्षांपूर्वी वाडा पाडायचा ठरला, तेव्हा त्या मुलाने, आता तोही साठीला आला आहे, मला बोलावून एक जुनी वही दाखवली. ती नामावळी नव्हती, घरखर्चाची होती. दूध, किराणा, परीट, आणि मग अब्बांचे नाव. ‘पातेली चार, परात एक, बाकी दोन रुपये.’ पानामागून पाने, वर्षामागून वर्षे. मी घरी आलो आणि अब्बांची वही काढली. तिच्यात उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, तोच हिशोब होता. ‘गुरुजी. पातेली चार, परात एक.’

दोन रुपये दोन्हीकडे बाकीच होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)